मळा, वायनरी आणि बाजार

मंडळी जमवून सहलीस जाण्याची आपल्याकडील रीत जुनीच आहे. फरक पडला आहे तो एवढाच की, पूर्वी अशी मंडळी नाशकास जात ती रामाच्या दर्शनाकरिता व गोदावरीच्या स्नानाकरिता, आणि आता त्याच नाशकास जातात ती द्राक्षाचे मद्य कसे होते ते पाहण्याकरिता. २०२४ सालच्या फेब्रुवारी महिन्यात पुण्याहून निघालेल्या अशाच एका बावीस जणांच्या मंडळीत मी होतो. दोन निवृत्त मुख्याध्यापक, एक दंतवैद्य, बँकेतून नुकतीच सुटका झालेले तिघे-चौघे, त्यांची कुटुंबे, आणि माझ्या थोरल्या वहिनी असा तो गोतावळा होता. वहिनींचे वय अठ्ठ्याहत्तर. 'वाइन' हा शब्द उच्चारण्याचादेखील त्यांना तिटकारा. परंतु "तुम्ही सगळे तिथे जाऊन काय करता ते मला पाहू तर द्या," असे म्हणून त्या बसमध्ये सर्वांच्या आधी खिडकीची जागा धरून बसल्या होत्या.

छापील कार्यक्रमात वायनरीसाठी अडीच तास होते, मळ्यासाठी अर्धा तास, आणि बाजारांपुढे 'वेळ उरल्यास' असे दोन शब्द. या दोन शब्दांवरून आदल्या रात्री मुक्कामावर बराच वाद झाला. माझे म्हणणे असे की, द्राक्ष काय किंवा कांदा काय, हा सारा नाशवंत मालाचा मुलूख आहे. येथील शेतकऱ्याचे सुखदुःख मळ्यात जितके ठरते त्याहून अधिक बाजारात ठरते. तेव्हा बाजार पाहिल्यावाचून मळा पाहणे म्हणजे लग्नाला जाऊन केवळ मांडव पाहून परतण्यासारखे आहे. शेवटी दंतवैद्यांनी माझ्या बाजूने कौल दिला, आणि पहाटे सहाला निघून आधी लासलगावचा लिलाव, मग मळा, मग वायनरी, आणि सायंकाळी नाशिकचा बुधवारचा बाजार असा क्रम ठरला. सहलीची व्यवस्था पाहणारा तरुण थोडा हिरमुसला, पण त्याने विरोध केला नाही.

नाशिक सोडून निफाडच्या वाटेस लागले की दोन्ही अंगांस द्राक्षबागांचे मांडव सुरू होतात. हा प्रदेश समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फूट उंचीवर आहे. पाऊस घाटमाथ्यावर पडतो, पाणी गोदावरी, दारणा, कादवा या नद्यांनी खाली येते, आणि आकाश मात्र वर्षातील सात-आठ महिने कोरडे व स्वच्छ राहते. द्राक्षवेलीस नेमके हेच हवे असते: मुळाशी पाणी, माथ्यावर ऊन, आणि पानांवर शक्य तो दंव-पाऊस नको. थंडीही येथे चांगली पडते. काही वर्षी निफाडचा पारा इतका उतरतो की, मणी तडकू नयेत म्हणून बागाईतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवितात. आम्ही गेलो त्या पहाटे धुके होते, आणि त्या धुक्याकडे पाहून आमच्या बसचा चालक, जो स्वतः चांदोरीचा होता, नुसता "भुरी येणार" एवढेच म्हणाला. भुरी म्हणजे पानांवर व मण्यांवर पिठासारखी धरणारी बुरशी. पर्यटकास जे धुके रम्य वाटते ते बागाईतदारास फवारणीचा खर्च वाटते, हा पहिला धडा आम्हांस सूर्योदयापूर्वीच मिळाला.

येथील द्राक्षे मात्र आजकालची नव्हेत. आपल्या आजोबांच्या पिढीस नाशिकची भोकरी, फकडी, पांढरी साहेबी ही नावे ठाऊक होती. ती बियांची, जाड सालीची द्राक्षे होती. पुढे हैदराबादेकडील अनाबेशाही आली, आणि तिच्यामागून बिनबियांच्या थॉम्सन जातीने सर्व बागा व्यापल्या. आज आपण टोपलीतून आणतो ती द्राक्षे बहुधा याच थॉम्सनची किंवा तिच्यापासून निवडलेल्या तास-ए-गणेश, सोनाका वगैरे जातींची असतात. मद्याची द्राक्षे हा निराळाच वंश आहे. त्यांच्याकडे मागाहून येऊ.

लासलगाव हे मुंबई-मनमाड लोहमार्गावरील गाव. येथील बाजार समिती १ एप्रिल १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या साडेचार महिने आधी, स्थापन झाली. तत्पूर्वी अनेक बाजारपेठांतून रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची रीत होती. ज्याचा माल त्यालाच आपल्या मालाचा भाव काय फुटला हे शेवटी कळे. उघड्यावर, सर्वांदेखत, मोठ्याने बोली बोलून विक्री व्हावी, हा बाजार समित्यांमागील मूळ हेतू. आम्ही पोहोचलो तेव्हा आवारात ट्रॅक्टरांच्या ट्रॉल्यांच्या रांगा लागल्या होत्या. किती, ते मोजणे अशक्य होते. एक मुख्याध्यापक एकशे चाळीसपर्यंत मोजून थकले. ट्रॉलीत कांद्याचा ढीग, ढिगावर मालक किंवा त्याचा मुलगा बसलेला, आणि खाली वाट पाहणाऱ्या माणसांचा तो विशिष्ट शांतपणा, जो इस्पितळाच्या ओसरीवर आढळतो.

मग व्यापाऱ्यांचा घोळका आला. पुढे समितीचा कर्मचारी, त्याच्याभोवती पंधरा-वीस खरेदीदार. एका ट्रॉलीपाशी ते थांबतात. एकजण ढिगात कोपरापर्यंत हात घालून तळचा कांदा वर काढतो, दुसरा त्याची मान दाबून पाहतो, तिसरा साल बोटाने चुरतो. मान मऊ असेल तर कांदा ओला; ओला असेल तर वाटेत सडणार. कर्मचारी बोली सुरू करतो, आकडे चढतात, आणि आपण ट्रॉलीतल्या मालाकडे नीट पाहतो न पाहतो तोच घोळका पुढच्या ट्रॉलीपाशी गेलेला असतो. एका ट्रॉलीस फार तर एक मिनिट. त्या मिनिटात चार महिन्यांचे श्रम एका आकड्यात उतरतात. भाव क्विंटलचा, म्हणजे शंभर किलोंचा. आकडा चिठ्ठीवर लिहिला गेला की ट्रॉली वजनकाट्यावर जाते व तेथून व्यापाऱ्याच्या खळ्यावर. खळे म्हणजे कांदा ओतून, निवडून, गोण्या भरण्याचे आवार. खुल्या लिलावाची कसोटी खरी येथे लागते. ट्रॉली ओतल्यावर आतला माल वरच्यासारखा नाही असे खरेदीदाराने म्हटले की वाद निघतो, आणि ठरलेल्या भावातून काही कमी करण्याची गोष्ट सुरू होते. रुमाल गेला, पण सर्वच काही उघड्यावर आले असे म्हणता येत नाही.

ज्या ट्रॉलीपाशी आम्ही उभे होतो तिला तेराशे रुपये भाव निघाला. मालक तिशीतला तरुण होता. त्याने चिठ्ठी घेतली, घडी घालून खिशात ठेवली. वहिनींनी त्यास विचारले, "बाळा, परवडत नसेल तर देऊ नको. घरी घेऊन जा." तो हसला नाही वा रागावलाही नाही. म्हणाला, "आजी, लाल कांदा आहे. घरी आणखी दोन ट्रॉल्या उपटून पडल्यात."

या उत्तराचा अर्थ आम्हां शहरवासीयांना फोड करून सांगावा लागला. कांदा एकच नव्हे. पावसाळ्यात लावलेला व त्यामागून येणारा रांगडा, हे दोन्ही हिवाळ्यात निघतात. त्यांच्या अंगी पाणी फार, साल पातळ, म्हणून ते टिकत नाहीत. निघाले की आठ-पंधरा दिवसांत विकलेच पाहिजेत. मार्च-एप्रिलमध्ये निघतो तो उन्हाळ कांदा मात्र वाऱ्याच्या चाळीत चार ते सहा महिने राहू शकतो. म्हणून एप्रिलातल्या शेतकऱ्यास निदान 'आज नाही देत' असे म्हणता येते. फेब्रुवारीतल्या शेतकऱ्यास तेही म्हणता येत नाही. लिलावात भाव नाकारण्याचा हक्क त्यास आहे. पण तो हक्क बजावायचा तर ट्रॉली परत नेण्याचे डिझेल आणि सडणारा माल, दोन्ही त्याच्याच गळ्यात.

शिवाय तो हंगाम निराळ्याच कारणाने कठीण होता. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर शेकडा ४० कर बसला होता, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात निर्यातच बंद करण्यात आली होती. परदेशी जाणारा माल घरच्याच बाजारात कोंडला की भाव उतरणारच, आणि तो उतरावा हाच तर बंदीचा हेतू. ती बंदी मे २०२४ मध्ये उठली, परंतु ४० टक्के कर राहिला; सप्टेंबरात तो २० वर आला, आणि १ एप्रिल २०२५ पासून पुरता गेला. आमच्या बसमध्ये एक गृहस्थ, बंदी योग्यच होती असे म्हणत होते. गरिबाच्या ताटातील कांदा महाग होऊ नये हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. माझी तक्रार एवढीच आहे की, ग्राहकाचा भाव वाढला म्हणजे सरकारला रातोरात जाग येते, आणि शेतकऱ्याचा भाव पडला म्हणजे समिती नेमली जाते. आम्ही स्वतः कोणत्या बाजूचे होतो, ते सायंकाळी दिसले.

लासलगावाहून विंचूरच्या बाजूस थोडे गेल्यावर आमचा मळा आला. मालक साठीच्या घरातले, धोतर नव्हे पण टोपी कायम असलेले. सर्वजण त्यांना अण्णा म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. छापील अर्धा तास येथे केव्हाच संपला व कोणी घड्याळाकडे पाहिले नाही.

अण्णांकडे दोन बागा, मध्ये एक बैलगाडी जाईल एवढी वाट. उजवीकडे खाण्याच्या द्राक्षांचा मांडव, डावीकडे मद्याच्या द्राक्षांच्या तारेवरील उभ्या रांगा. उजवीकडील घड मोठे, सारखे, हिरवेगार, जणू एकाच साच्यातून काढलेले. डावीकडील घड मुठीएवढे, मणी करवंदासारखे काळे व बारीक. आमच्यापैकी एका बाईंनी डावीकडील मणी तोंडात टाकला व चेहरा आक्रसून घेतला: आत बिया, साल चिवट, आणि गोडी मात्र अतोनात. अण्णांनी खिशातून बोटाएवढी नळी काढली, तिच्या काचेवर रसाचा थेंब पिळला आणि प्रकाशाकडे धरून आम्हांस पाहावयास दिले. आत आकडा बावीस. शंभर भाग रसात बावीस भाग साखर असा त्याचा अर्थ. खाण्याच्या द्राक्षात हा आकडा अठराच्या आसपास आला की तोडणी होते. मद्याच्या द्राक्षात तो बावीस ते चोवीसवर यावा लागतो, कारण पुढे याच साखरेचे मद्यार्क होणार असते. लहान मणी का, याचेही उत्तर सोपे आहे. मद्याचा रंग, तुरटपणा व बराचसा गंध सालीत असतो. मणी जितका लहान तितकी रसाच्या मानाने साल अधिक. म्हणून जो बागाईतदार खाण्याच्या द्राक्षात एकरी दहा टन काढण्यासाठी धडपडतो, तोच मद्याच्या बागेत घड कमी ठेवून चार-पाच टनांवर संतोष मानतो.

पण मला स्वतःला सर्वांत नवल वाटले ते वेलीच्या दोन छाटण्यांचे. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते. पाने गळतात, बर्फ पडते, आणि वसंतात ती आपोआप जागी होऊन शरदात फळते. आपल्या देशात तिला झोप येईल एवढी थंडीच नाही. तिला मोकळी सोडली तर ती बारा महिने नुसती पाने काढील. तेव्हा माणसाने तिचे वर्ष कृत्रिम रीतीने बांधून दिले आहे. एप्रिलमध्ये 'खरड छाटणी' होते: जुन्या काड्या जवळजवळ मुळापर्यंत उतरवितात, नव्या फुटतात, आणि मे-जूनच्या कडक उन्हात त्या नव्या काडीच्या डोळ्यांमध्ये पुढच्या हंगामाचा घड सूक्ष्म रूपाने तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पावसाळा संपता संपता, सप्टेंबर-ऑक्टोबरात, 'गोडी छाटणी' म्हणजे फळाची छाटणी करतात. त्या आधी बागाईतदार काही काड्या प्रयोगशाळेत नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली डोळे तपासून आणतात, कोणत्या डोळ्यात घड आहे ते पाहतात, आणि त्या डोळ्यावर कात्री ठेवतात. चार-पाच महिन्यांनी, जानेवारी ते मार्चमध्ये, माल तयार. म्हणजे वर्षात दोनदा छाटणी व एकदाच पीक. फ्रान्सात द्राक्षे सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडतात. आपल्याकडे ज्या महिन्यात ती तोडतात त्या महिन्यात तिकडील वेली उघड्या-बोडक्या उभ्या असतात. ही युक्ती बागाईतदारांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने बसविली आहे, आणि त्याबद्दल त्यांचे कौतुक होते त्याहून फार अधिक व्हावयास हवे.

या छाटण्या व घडांची विरळणी करणारे हात बहुतांशी पेठ-सुरगाण्याकडील आदिवासी स्त्री-पुरुषांचे. त्यांच्या टोळ्या हंगामात येथे उतरतात. आम्ही गेलो तेव्हा अशी एक टोळी उजव्या बागेत काम करीत होती; कामाचा वेग असा होता की आमच्यातील कोणी त्यांच्याशी बोलू शकले नाही, आणि छायाचित्रे काढण्यासाठी पुढे सरसावलेल्या एका तरुणास त्यांच्या मुकादमाने नम्रपणे बाजूस केले. ते योग्यच झाले.

अण्णांनी आपली हकीकत मागाहून, चहाच्या वेळी सांगितली. महाराष्ट्र सरकारने २००१ साली द्राक्षांपासून मद्य करण्यास उत्तेजन देणारे धोरण आणले, उत्पादनशुल्कात सवलत दिली, आणि नाशिक जिल्ह्यात एकामागून एक वायनऱ्या उभ्या राहू लागल्या. त्याआधी नारायणगावास चौगुले यांनी १९८० नंतरच्या दशकात फेसाळ वाइन काढून परदेशी पाठविली होती. नाशिकजवळ गंगापूरच्या बाजूस राजीव सामंत यांनी १९९७ मध्ये मद्याच्या जाती लावून २००० मध्ये 'सुला'ची पहिली वाइन बाजारात आणली होती. ते यश पाहून इतरांस हुरूप आला. अण्णांनीही २००५ मध्ये थॉम्सनचा चार एकरांचा मांडव मोडून, एका कंपनीशी करार करून, काळी 'कॅबरनेट' लावली. पहिली दोन पिके उत्तम भावाने गेली. मग २००८ ची जागतिक मंदी आली, त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली, टाक्यांतून जुनी वाइन शिल्लक राहिली, आणि २००९ च्या हंगामात कंपनीची गाडी तोडणीस आलीच नाही.

"कांदा असता तर लिलावात नेऊन ओतला असता," अण्णा म्हणाले. "हे द्राक्ष बाजारात नेऊन दाखवू कोणाला? बियांचं, बारीक, टोपलीत कोणी धरत नाही. ज्याच्यासाठी लावलं त्यानंच पाठ फिरवली तर दुसरं गिऱ्हाईक नाही."

घड वेलीवरच सुकले. पुढच्या वर्षी त्यांनी बाग उपटली. त्या दोन-तीन वर्षांत जिल्ह्यात अनेकांनी हेच केले. पुन्हा थॉम्सन लावून कर्ज फिटण्यास सात वर्षे लागली. आणि तरीही आज डावीकडे दीड एकर काळी द्राक्षे उभी आहेत, ती कशी? याचेही कारण त्यांनी सांगितले, व ते मला विचार करण्याजोगे वाटले. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी निफाड तालुक्यात गारांचा मारा झाला. खाण्याच्या द्राक्षाच्या घडावर एक डाग पडला, चार मणी फुटले, की तो निर्यातीतून बाद; कारण त्याची किंमत रूपावर. मद्याच्या द्राक्षास रूप लागत नाही. फुटके मणी काढून टाकले, कूज थांबविली, तर उरलेल्या घडाची साखर पूर्वीइतकीच. "एक पोरगं दिसायला देखणं पण नाजूक, दुसरं काळंसावळं पण चिवट. दोन्ही सांभाळायची," असे ते म्हणाले, आणि मग हळूच, "फक्त आता करार वकिलाला दाखवून करतो."

वायनरीत आम्ही ऐन दुपारी पोहोचलो. बाहेर बाग, आत थंडगार दगडी दालन, आणि त्यामागे पुरुषाच्या तिप्पट उंचीच्या चकचकीत पोलादी टाक्या. तेथील तरुण रसायनज्ञाने समजावून दिले ते थोडक्यात असे. द्राक्षे पहाटे तोडून आणतात, कारण ऊन चढल्यावर गंध उडतो. पांढऱ्या वाइनसाठी ती लगेच पिळून, साल व बी बाजूस काढून, नुसता रस टाकीत घेतात. तांबड्यासाठी काळ्या द्राक्षांचा सालीसकट लगदाच आंबवितात. काळ्या द्राक्षाचा रसही बहुधा पांढराच असतो. तांबडेपणा सालीतून उतरतो. मग किण्व घालतात. हे किण्व म्हणजे पावाचे पीठ फुगविते त्याच जातीचा सूक्ष्म जीव. तो साखर खातो व मद्यार्क आणि कर्बवायू बाहेर टाकतो. या खटाटोपात उष्णता फार निर्माण होते, म्हणून टाकीभोवती थंड पाणी खेळवितात. पांढरी वाइन सुमारे १५ अंशांवर ठेवतात, तांबडी त्याहून बरीच उबेत. साखर संपली की किण्वाचे काम संपले, आणि रसात शेकडा बारा-तेरा भाग मद्यार्क आलेले असते. पाऊण लिटरच्या एका बाटलीस सुमारे किलोभर द्राक्षे लागतात. बाटलीच्या काचेस, बुचास, लेबलास, करास व दुकानदारास किती लागते, ते मी विचारले. रसायनज्ञ हसला, व व्यवस्थापकाकडे बोट दाखवून मोकळा झाला.

चव पाहण्याच्या वेळी मंडळींत उत्साह संचारला. पेला तिरपा धरा, रंग पाहा, हुंगा, घोट जिभेवर फिरवा, असे पाठ देण्यात आले. पेरूचा वास, मिरीचा वास, ओल्या मातीचा वास अशी नावे निघू लागली. एका मुख्याध्यापकांना मात्र काही केल्या चिंचेचाच वास येत होता. मी स्वतः दोन घोट घेतले. एक आवडला, एक नाही. याहून अधिक अधिकार माझ्याकडे नाही. हेही सांगितले पाहिजे की, आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही पुस्तकात आहे व परवान्यावाचून पिणे त्यास मान्य नाही. त्याच राज्याने २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्यास मुभा देण्याचे ठरविले, तेव्हा अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, आणि गोष्ट मागे पडली. शेतकऱ्याच्या नावाने वाइन विकावी हे एका पक्षाचे म्हणणे. शेतकऱ्याच्याच घरात व्यसन शिरेल हे दुसऱ्याचे. मळ्यात अण्णांचे ऐकल्यावर मला पहिल्याचे म्हणणे अर्धे पटते. परंतु दारूने धुऊन गेलेली घरे मी जवळून पाहिली आहेत, आणि वाइन म्हणजे दारू नव्हे, हा वायनरीतील भिंतीवरचा डौल मला मुळीच पटत नाही.

वहिनी एका कोपऱ्यात द्राक्षाचा साधा रस घेऊन बसल्या होत्या. रसायनज्ञ अदबीने त्यांच्यापाशी गेला. "आजी, तुम्ही काहीच विचारलं नाहीत." तेव्हा त्यांनी विचारले, "आमचे वैद्य भूक लागावी म्हणून द्राक्षासव देतात, ते आणि हे यात काय अंतर?" तो पोरगा प्रामाणिक. म्हणाला, "आजी, त्यात धायटीची फुलं घालून आंबवतात, औषधं असतात, आणि ते चमचाभर घ्यायचं असतं. पण मद्यार्क त्यातही आपोआप तयार होतो." बावीस जणांचे लक्ष वहिनींकडे लागले. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मग चमच्यानं घ्या म्हणावं यांना."

नाशकात परतलो तेव्हा चार वाजून गेले होते. तांब्यापितळेच्या भांड्यांचा बाजार आम्ही घाईतच पाहिला. तांबटांच्या हातोड्यांचा नाद आता पूर्वीइतका नाही. तयार मालच अधिक दिसला. दोघांनी समया घेतल्या. तेथून गोदेच्या काठी उतरलो.

बुधवारचा बाजार घाटावर, नदीच्या पात्रालगत, उघड्यावर भरतो. जवळच दुतोंड्या मारुतीची ती उंच मूर्ती. पूर आला की नाशिककर पाणी मारुतीच्या कमरेस लागले की गळ्यास, यावरून त्याची मोजदाद करतात, आणि त्या दिवसांत हा बाजार अर्थातच उठतो. आम्ही गेलो तेव्हा पाणी शांत होते. पायऱ्यांवर भाज्यांचे ढीग, नागलीची पोती, खुरासणी, सुक्या मिरच्या, बांबूच्या टोपल्या-सुपे, विळे, जुने कपडे, आणि या सर्वांच्या मधून वाट काढणाऱ्या गाई. येथे घोळका नाही, चिठ्ठी नाही, वजनकाटा हातातला. भाव तोंडी, आणि तो प्रत्येक गिऱ्हाइकास निराळा.

आमच्या मंडळींपैकी एक बाई कांदे घेण्यास थांबल्या. भाव किलोस अठ्ठावीस. सकाळच्या तेराशेच्या हिशेबाने शेतकऱ्यास किलोमागे तेरा रुपये मिळाले होते. "लूट आहे ही!" असे म्हणून आमच्यातले एक बँकवाले पुढे झाले व विकणारीशी वाद घालू लागले. ती घोटीकडील बाई; कांदा तिच्या शेतातला नव्हता, तिने तो सकाळी घाऊक बाजारातून गोणीने आणला होता. तिने न रागावता हिशेब मांडला: गोणीत पाच किलो खराब निघतो, पाच किलो पाणी सुकून जातो, हमाली, टेम्पो, आणि संध्याकाळी उरला तो फुकट. मला वाटते तिचा हिशेब पुष्कळसा खरा होता. मधले अंतर कोणा एकाच्या खिशात जाते असे नाही. ते वाटेवर सांडत सांडत जाते, आणि सांडण्याची वाट जितकी लांब तितके ते अधिक. तरीही शेवटी त्या गृहस्थांनी बावीसवर सौदा तोडला, आणि विजयी मुद्रेने तीन किलो घेतले. त्याच गृहस्थांच्या हातात वायनरीतील दोन बाटल्यांची पिशवी होती, आणि तिच्या किमतीत त्यांनी एक रुपयाही कमी करून मागितला नव्हता.

वहिनी पायऱ्यांवर थोड्या मागे राहिल्या होत्या. मी परत जाऊन पाहतो तो त्या त्याच बाईपाशी बसलेल्या. त्यांनी दोन किलो कांदा घेतला, अठ्ठावीसनेच. बसकडे चढताना मी पिशवी माझ्याकडे मागितली. ती त्यांनी दिली नाही, म्हणाल्या, "लाल आहे, टिकायचा नाही. उद्या सगळ्यांकडे दोन-दोन वाटून टाकते," आणि बसमध्ये सर्वांच्या आधी चढून पुन्हा खिडकीची जागा धरली.